पॉपकॉर्न घेऊन बघणाऱ्यांसाठी

आज नातेवाइकांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, 'इलेक्शन म्हणजे वेब सिरीजच. पॉपकॉर्न घ्या आणि बघा.' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. सकाळपासून डोकं फिरलंय.

साम्य आहे, कबूल. 'सिटी ऑफ ड्रीम्स' ही राजकारणावरची वेब सिरीज मे 2019 मध्ये आली. त्यात बापाच्या खुर्चीवरून भावाबहिणीत जुंपलेली. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला आपण टीव्ही लावला तर फडणवीस-अजित पवारांचा शपथविधी उरकलेला! पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठलेली, आणि 26 ला राजीनामाही झाला. मग जून 2022 ला शिवसेनेचे फुटलेले आमदार सुरत, गुवाहाटीला. जुलै 2023 ला आणखी एक फूट, राष्ट्रवादीत. पण यातलं काय मतदानाच्या दिवशी घडलं? 2019 चा निकाल 24 ऑक्टोबरलाच लागला होता. मालिकेसारखं जे काही झालं ते मतदार घरी गेल्यावर, त्याला न विचारता. त्यालाच तुम्ही निवडणूक म्हणता?

निवडणूक मी बघितली आहे. 20 नोव्हेंबर 2024, झेडपीच्या शाळेत माझी ड्युटी, शाई माझ्याकडे. आदल्या रात्री वर्गातच मुक्काम. साडेपाचला पक्षांच्या एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, किमान 50 मतं टाकायची, मोजून दाखवायची, सीआरसी करायचं म्हणजे ती मतं मशिनमधून पुसायची, मग सील. दुपारी एक आजी आल्या. डाव्या हाताची तर्जनीच नव्हती, कडबाकुट्टीत गेलेली. मी नियम आठवेपर्यंत त्यांनी शेजारचं बोट पुढं केलं. "ह्याला लाव बाई, दर बारीला ह्यालाच लावत्यात."

दर बारीला! आणि आमचे ग्रुपवाले त्या दिवशी लोणावळ्याला. फोटो त्यांनीच टाकले होते.

युक्रेनचं उदाहरण लगेच येईल, म्हणून आधीच लिहिते. झेलेन्स्की 2015 च्या मालिकेत राष्ट्राध्यक्ष झालेला इतिहासाचा मास्तर होता, आणि 2019 ला 73 टक्के मतं घेऊन खराच झाला. पक्षाचं नावही मालिकेचंच. ठीक आहे. पण ती मतं लोकांनी केंद्रावर जाऊन दिली, सोफ्यावरून नाही.

मालिकेत आपल्याला सगळ्यांची गुपितं कळतात. कोण कुणाला फोडतोय, कुणाची फाईल कुणाकडे. मतदार मात्र सभेतली गर्दी म्हणून दोन मिनिटं दिसतो. त्या आजींनी कुठलं बटण दाबलं ते मला कळलं नाही, बाहेर उभ्या नातवालाही नाही. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी 7 सेकंद दिसते, तीही त्यांनाच. पाकिटं वाटली जातात, हो, माहीत आहे. आजींनाही मिळालं असेल. तरी त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्या एकट्याच होत्या आणि तिथं कुठल्याच साहेबाचं काही चालत नव्हतं. मला हे फार मोठं वाटतं. लिहितानाही गळा दाटून येतोय.

राग ग्रुपवरच्या त्या पोरांवरही नाही खरं तर. त्यांना दिसतं ते हॉटेल, चार्टर्ड विमान आणि चॅनेलवरचं ढॅणढॅण संगीत. बूथ कुणी दाखवतच नाही.

म्हणून ज्यांनी ज्यांनी ड्युटी केली आहे, शिक्षक, तलाठी, अंगणवाडी ताई, मतदार यादीचं काम बघणारे बीएलओ, त्यांनी आपल्या केंद्रावर काय बघितलं ते खाली लिहा. कितीही लांबलचक असू दे. मी सगळं त्या ग्रुपवर टाकणार आहे.