बंदूक उघडत नाही, साहेब

आचारसंहिता लागली की आमच्या तालुक्यात दोन गोष्टी झाकल्या जातात. पुढाऱ्यांचे फलक आणि आमची बंदूक. फलकांवर कापड पडतं, बंदूक ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत जाते. कोणाची बंदूक जमा करायची आणि कोणाची नाही, हे छाननी समितीनं माणूस पाहून ठरवायचं असतं म्हणे. प्रत्यक्षात पोलीस पाटील ओट्यावर बसून चहा पितात आणि सांगतात, "सगळ्यायच्या जमा करा लागते म्हणते." झाली छाननी.

तर गेलो जमा करायला. बंदूक कुठली ते आधी सांगतो, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. पीक संरक्षणाच्या परवान्यावरची, एकनळी, ठासणीची, १२ बोअर. नळीच्या तोंडातून मापानं दारू ओतायची, वर बोळा ठासायचा, वर छर्रे, छर्रे घरंगळू नयेत म्हणून पुन्हा बोळा. मग मागं निपलवर, म्हणजे भोक असलेल्या बारीक बोंडावर, ठिणगीची टोपी बसवायची, घोडा ओढायचा आणि एक बार काढायचा. एकच. दुसरा हवा असेल तर पुन्हा दारूपासून. सवयीचा माणूस दिवसाउजेडी मिनिटाच्या आत भरतो. रात्री धुऱ्यावर, बॅटरी दातात धरून, समोर तुरीत डुकरं खसखसत असताना किती वेळ लागतो ते डुकरांना विचारा, त्यांना बरोबर माहीत आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखायच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे दिल्लीत ही बंदूक माहीत होती. आमच्या ठाण्यात नव्हती.

ठाणे अंमलदार नवीन, वयानं पोरगेला, बोलायला सभ्य. परवान्यावरचा नंबर नळीवरच्या नंबराशी जुळवला आणि म्हणाला, "उघडून दाखवा."

"ही उघडत नाही, साहेब."

"जाम झाली का?"

"जाम नाही. उघडायची सोयच नाही तिला."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी लपवतोय. मग बिजागरी शोधायला लागला. त्याचंही चुकत नव्हतं. काडतुसाची बंदूक मधोमध मोडते, दोन्ही बाजूंनी उजेड दिसतो, रिकामी आहे की भरलेली ते लहान पोरालाही कळतं. ठासणीच्या नळीचं मागचं टोक जाड पेचानं कायमचं बंद केलेलं असतं. उजेड जायला फक्त तोंड, आणि टोपीची ठिणगी आत जायला निपलचं भोक. तेही टाचणीएवढं.

"अशी नाई उघडत थे," मागून आवाज आला. "उलटी करून आपटा लागते."

बाकावर एक काका बसले होते. धोतर, पांढरी टोपी, मांडीवर नायलॉनची पिशवी आणि पिशवीतून डोकं बाहेर काढलेलं बकरीचं पिल्लू. शेजाऱ्याच्या बोकडावरून काही वाद होता आणि पिल्लू हा त्यातला पुरावा होता. सकाळपासून त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी माझी बाजू मांडायला घेतली.

"आमच्या मामाजवळ होती अशीच. पुरी माहिती हाय मले."

बंदूक रिकामी आहे हे सिद्ध करायची रीत सोपी आहे. लोखंडी गज नळीत सोडायचा. रिकामी असेल तर गज तळाच्या लोखंडावर आपटून ठण्णकन वाजतो आणि जरासा उसळतो. भरलेली असेल तर बोळ्यावर नुसता थप करून बसतो. शिवाय गजावर दोन खुणा कोरून ठेवायच्या, एक रिकाम्या नळीची, एक पूर्ण भरलेल्या बाराची. गज आत असताना तोंडाशी कुठली खूण येते ते पाहिलं की वाद मिटतो. मी गज सोडला.

ठण्ण.

अंमलदार एक पाऊल मागं सरकला. "आत काहीतरी आहे!"

"आत काही नाही, म्हणून तर वाजलं."

"काही नाही, तर वाजलं कशानं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांब होतं. काकांकडे आखूड होतं. "रिकामंच वाजते जी साहेब. भरला पिपा कदी वाजते काय?" माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात काका पुढं म्हणाले, "पन मामाची बी अशीच वाजली होती. अन् मंग सुटली."

अंमलदारानं मोबाईलचा टॉर्च लावला आणि नळीच्या तोंडाशी डोळा न्यायला लागला. मी मध्ये हात घातला. रिकामी असो, भरलेली असो, नळीसमोर माणसाचा कोणताही अवयव येऊ द्यायचा नाही, हा या बंदुकीचा पहिला नियम आहे. दुसराही हाच. मी खिशातून पाना काढला, निपल सोडवली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. निपल नाही तर टोपी बसत नाही, टोपी नाही तर ठिणगी नाही. "आता ही काठी आहे," मी म्हटलं. त्यानं निपल निरखली, पाकिटात घातली आणि पाकिटावर लिहिलं, 'गोळी १'.

ते खोडायला मला पाव तास लागला. खोडलं तरी वाचता येतं.

काका आता उठून टेबलाशी आले होते. पिल्लानं शस्त्र जमा रजिस्टरची कड चघळायला घेतली होती. मामाची बंदूक कशी सुटली हे अंमलदाराला ऐकायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. तर मामाजवळची दारू संपली होती. कोणीतरी काडतुसं दिली. मामानं ती फोडली, आतली दारू काढून आपल्या नेहमीच्या मापानं ठासणीच्या नळीत भरली. "बार निघाला नाई, बंदूकच निंघाली. दोन बोटं गेली मामाची. पन वांग्याची भाजी लय बेस करे मामा, मरेपर्यंत."

वांग्याचं मला माहीत नाही. बोटं जाणार हे मात्र शंभर टक्के. काडतुसातली बिनधुराची दारू वेगळीच चीज आहे. काळी दारू ढकलते, तिचा दाब मर्यादेत राहतो, नळी त्या हिशोबानं घडवलेली असते. बिनधुराची त्याच मापानं भरली की दाब कितीतरी पटीनं वाढतो आणि नळी निपलपाशी फाटते, म्हणजे नेमकी गालाजवळ. आणखी दोन गोष्टींनी नळी जाते. एक, घाईत दोनदा भरली तर. दुसरी लोकांना खरीच वाटत नाही. बोळा नीट ठासला नाही आणि दारू व छर्ऱ्यांच्या मध्ये पोकळी राहिली तरी नळी तिथं फुगते. म्हणून गज तळापर्यंत, खुणेपर्यंत, दरवेळी. आणि गज बाहेर काढायला विसरू नका. तो बाराबरोबर दुसऱ्याच्या वावरात जातो आणि मग तो कोणाचा यावर वेगळी तक्रार होते.

फॉर्म भरायला घेतला. 'काडतुसे : संख्या.' निरंक. 'मॅगझिन क्षमता.' निरंक. "मग एका वेळी किती जातं?" मी सांगितलं, साधारण ३ ड्रॅम दारू, म्हणजे सव्वापाच ग्रॅम, आणि त्याच मापानं मोजून छर्रे, ते भरतात ३२ ग्रॅमच्या आसपास. माप एकच ठेवायचं, दारूचं आणि छर्ऱ्याचं. छर्रे जास्त घातले की खांदा दुखतो, दारू जास्त घातली की छर्रे पांगतात. नुसता आवाज करायचा असेल तर २ ड्रॅम आणि बोळा पुरे, पण बोळाही जवळून डोळा फोडतो. आणि डबीतून सरळ नळीत कधीच ओतायचं नाही. मागच्या बाराची ठिणगी आत धुमसत असली तर सव्वापाच ग्रॅम नाही, सगळी डबी पेटते. दारूवरचे विनोद मी ऐकून घेतो. वर्धेत दारूबंदी १९७४ पासून आहे, त्यामुळे ते सगळे तिथल्या लोकांनी आधीच केलेले आहेत. अंमलदारानंही एक केला. मी हसलो. बंदूक त्याच्या ताब्यात होती.

तेवढ्यात आतून एक शिपाई आला, बंदूक पाहून खूश झाला आणि म्हणाला, "सर, ही मार्टिनी-हेन्री. मी व्हिडिओत पाहिली."

इथं माझा खरा तोल गेला. लाकडी दस्ता आणि लांब नळी दिसली की कोणीही काहीही म्हणतं. मार्टिनी-हेन्री १८७१ ची, खाली खटक्याचा दांडा असतो, तो ओढला की मागचा ठोकळा खाली जातो आणि पितळी काडतूस मागून आत बसतं. त्यात ८५ ग्रेन, म्हणजे साडेपाच ग्रॅम काळी दारू आणि ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅमची शिश्याची गोळी. तीही एकबारीच, पण ती उघडते. तिच्या आधीची १८५३ ची एन्फील्ड, तोंडातून भरायची, म्हणजे आमच्या घराण्यातली, पण तिच्या नळीत आटे, म्हणजे आतून पेचदार खाचा असतात आणि गोळी फिरत जाते. ५७ सालच्या चरबीच्या काडतुसांची ती हीच. उठाव मोडल्यावर कंपनीच्या जागी सरकार आलं आणि त्यानं देशी शिपायांना आटे नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या, म्हणजे नेम लांबवर लागायलाच नको. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० बोअरच्या रायफलींवरही हिंदुस्थानात बंदी घातली, कारण मार्टिनीही .४५० चीच, फितुरांच्या मार्टिन्यांना त्यातून गोळ्या मिळाल्या असत्या. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी लगेच .४७० आणि .४६५ अशा नव्या बोअर काढल्या, वाघ मारायला साहेबाची गैरसोय नको म्हणून. आमच्या नळीत आटे नाहीत. चाळीस पावलांपलीकडे ती डुकरालाही घाबरवते इतकंच. आणि डुकराला वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही, त्यामुळे घाबरवण्यापलीकडे तिला काम नाही.

हे सगळं मी बोललो. शिपाई म्हणाला, "म्हणजे मार्टिनी नाही?" काका म्हणाले, "मामाची होती मार्टिनी." मामाची बंदूक पाच मिनिटांपूर्वी ठासणीची होती.

शेवटी पावती मिळाली. 'जुनी लोखंडी नळी एक, लाकडी दस्त्यासह, न उघडणारी. सुटा भाग एक.' सही, शिक्का, आणि कोपऱ्यात पिल्लाच्या दातांचे ठसे.

निकाल लागले, मिरवणुका झाल्या, गुलाल धुतला गेला, आणि बंदूक काही मिळेना. ठाणं म्हणे वरून आदेश नाही, वरचे म्हणत आदेश कधीच गेला. मिळाली तेव्हा तोंडात चिंधी कोंबलेली होती. ओली. धूळ जाऊ नये म्हणून कोणीतरी आपुलकीनं कोंबली होती. मला त्या माणसावर रागावताही येईना आणि अजून राग गेलेलाही नाही.

काळी दारू जळते तेव्हा निम्म्याहून जास्त राख-मळ मागं राहतो. तो हवेतलं पाणी ओढतो आणि लोखंड खातो. पावसाळ्यात रात्रभर ठेवली तरी सकाळी नळीत तांबूस दिसतं. म्हणून शेवटचा बार झाला की त्याच दिवशी निपल काढून, नळी बादलीत उभी करून साबणाच्या कढत पाण्यानं धुवायची. चिंधी लावलेला गज पंपासारखा खालीवर करायचा, पाणी काळं येतं, सडक्या अंड्याचा वास येतो, तो जाईपर्यंत. पाणी कढत हवं म्हणजे नळी तापते आणि आपोआप वाळते. मग तेल. उन्हाळ्यात, आमच्या इकडच्या ४५ अंशांत, हाच मळ कोरडा होऊन खपलीसारखा धरतो आणि तिसऱ्या-चौथ्या बाराला बोळा मध्येच अडतो, तेव्हा मधूनमधून ओली चिंधी फिरवावी लागते. बाराच्या आधी मात्र तेल पुसून काढायचं आणि दोन टोप्या नुसत्याच फोडायच्या. निपलमध्ये तेल राहिलं की टोपी फुटते, बार होत नाही, आणि फुसका बार झाला की मिनिटभर नळी तशीच समोर धरून उभं राहायचं, कारण कधीकधी तो उशिरा सुटतो. दस्त्याला जवसाचं तेल. ते नळीत नाही घालायचं, वाळून वार्निश होतं. आणि ठेवताना तोंड खाली. तोंड वर ठेवली की तेल उतरून दस्त्यात मुरतं, लाकूड कुजतं.

ठाण्यात ती तोंड वर करून, कोपऱ्यात, ओल्या चिंधीसह उभी होती. गंज बारीक पोलादी लोकरीनं आणि तेलानं घासून काढला. वरचा निघतो. खाली जे खड्डे पडतात ते जात नाहीत, त्यात पुढच्या वेळी मळ धरतो आणि तिथूनच पुन्हा गंज धरतो. याची भरपाई कोणत्या फॉर्मवर मागायची, त्याचा रकाना मी अजून शोधतोय.

मधल्या काळात रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, हरभऱ्याचे शेंडे खाल्ले आणि डुकरांनी तूर लोळवली. शेजाऱ्यानं कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारं झटका मशीन लावलं होतं, एकानं धुऱ्याभोवती जुन्या साड्या बांधल्या होत्या, त्यामुळे दोघांकडचं सगळं जनावर आमच्याकडे. नुकसानीचा पंचनामा करायला वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक आले. वनरक्षक वावरभर फिरले, खुरांचे फोटो काढले, कागद काढला आणि विचारलं, "तुमच्याजवळ तं बंदूक हाय ना परवान्याची? मंग वाजवली काहून नाई?"

मी पावती दाखवली. त्यांनी ती उजेडाला धरून वाचली.

"याच्यात तं नळी लिवली हाय," ते म्हणाले. "बंदूक कुठी हाय?"