पन्नास फ्रँक आणि एक काका

बँकेत अडीच तास गेले, काम झालं नाही, वर एका अनोळखी काकांनी चारचौघांत लाज काढली. कालची गोष्ट. अजून खदखदतेय.

जिनिव्हातली माझी मैत्रीण तिथे इंग्रजीत लिहिणाऱ्यांची कार्यशाळा चालवते. गाव बोलतं फ्रेंच, ही मंडळी लिहिणार इंग्रजीत. त्यामुळे त्यांना ऐकून घ्यायला तीच मंडळी. उन्हाळ्यात मीही दोनदा झूमवर बसले. तिकडचे सात म्हणजे ठाण्यातले साडेदहा. कॅमेरा बंद ठेवून कुकर घासत मी कुणाच्या तरी धुक्याबद्दलच्या कविता ऐकल्या. हॉलचं भाडं निघत नाही म्हणाली, तर भरात "५० फ्रँक पाठवते" म्हणून मोकळी झाले. म्हणजे पाच हजारांच्या वर.

नौपाड्यातली शाखा. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म, पॅनकार्ड, २१ अक्षर-आकड्यांचा आयबॅन, म्हणजे तिकडचा खातेक्रमांक. त्या कार्यशाळेत सारखं बजावतात, नुसतं सांगू नका, दाखवा. काउंटरवरच्या मॅडमचंही तेच: "तोंडी नको, संस्थेचा कागद दाखवा. पर्पज काय टाकू?"

"लेखन कार्यशाळेला मदत."

मागून आवाज आला, "अक्षर सुधारतात का?"

काका सत्तरीचे. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत. एंट्रीचं मशीन बंद, त्यामुळे काकांना वेळच वेळ.

"अक्षर नाही हो, कथा-कविता."

"मराठी?"

"इंग्रजी."

"मग इंग्लंडात असेल."

"स्वित्झर्लंडमध्ये."

काकांनी रांगेकडे वळून पाहिलं, आता बोला म्हणून. मॅडमना मात्र त्यांनी मदत केली. "धार्मिकमध्ये टाका, पटकन होतं." यादीत खरंच 'धार्मिक व धर्मादाय संस्थांना देणगी' असा कोड निघाला. मग भिंतीवरचा कागद वाचून काका म्हणाले, "वर्षाला २,५०,००० डॉलर पाठवायची मुभा आहे की! आणि तुम्ही ५०?" मघाशी तिकडे कशाला असा चेहरा करणारा माणूस आता एवढेच का म्हणत होता.

पुढचं जिव्हारी लागलं. "ठाण्यात रेल्वे आली १८५३ला, मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ला. चाळीस वर्षं लागली. तिथली वर्गणी भरता ना?"

"भरायचे," मी म्हणाले. लॉकडाउनच्या आधीचं त्यांचं एक पुस्तक आमच्या फ्रिजवर आहे, हे नाही सांगितलं.

पण मी म्हणते, यांना काय करायचंय? जिमला वर्षाचे पैसे भरून मी दोनदा गेले, तेव्हा कुणी काका आडवे आले नाहीत. आणि मराठीचं एवढंच असेल तर गेल्या दिवाळी अंकातल्या कथेचं मानधन मला अजून का नाही मिळालं? फोन केला की संपादक तब्येत विचारतात. शाली तीन झाल्यात घरात. ठाण्यात शाल! ऑक्टोबरात पंखा पाचवर असतो आमच्याकडे. तिकडे निदान भाडं निघत नाही हे तोंडाने कबूल तरी करतात.

असो. सही करायला गेले. पेन सुतळीने काउंटरला बांधलेलं, सुतळी वीतभर. अर्धवट वाकून, श्वास रोखून केली. मॅडमनी स्क्रीनवर २००९ची सही काढली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे.

"जुळत नाही."

"अहो, पेन पोचत नाही!"

"पूर्वीसारखी करा."

दोनदा केली. दुसरी पहिलीशीही जुळेना. रांग कुरकुरली. तेवढ्यात मशीन सुरू झालं, काकांची एंट्री झाली, ४३ रुपये व्याज जमा. पासबुक पिशवीत, पिशवी पिशवीत घालून ते माझ्या फॉर्मवर वाकले.

"मी म्हटलं होतं," ते म्हणाले, "अक्षर सुधारतात का विचारा."

मॅडम म्हणाल्या, उद्या चौथा शनिवार, सोमवारी या. बाहेर पडले तर मैत्रिणीचा मेसेज: पाठवलेस का गं? मी लिहिलं, सर्व्हर डाउन आहे.