एका प्लग पॉइंटसाठी आख्खी भिंत

गेले तीन शनिवार-रविवार मी मिनेसोटातल्या आमच्या घराच्या एका भिंतीशी झगडते आहे, आणि ती भिंत, ती बांधणारे आणि ‘एक पॉइंट काढायला असा कितीसा वेळ लागतो’ असे विचारणारे सगळे यांच्याबद्दल मनात जे साचले आहे ते कुठेतरी ओतल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

मागणी साधी होती. झोपण्याच्या खोलीत खिडकीखाली माझे कामाचे टेबल आहे, तिथे जानेवारीत पाय गारठतात, म्हणून टेबलाखाली १५०० वॅटचा हीटर हवा. इथल्या नियमाप्रमाणे भिंतीलगत कुठेही उभे राहिले तरी ६ फुटांच्या आत पॉइंट असावा लागतो, म्हणजे दोन पॉइंटमध्ये फार तर १२ फूट अंतर. आणि माझे टेबल नेमके त्या १२ फुटांच्या मधोमध येते. हीटर एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका अशी सूचना त्याच्यासोबतच येते आणि ती योग्यच आहे, कारण १२० व्होल्टवर १५०० वॅट म्हणजे साडेबारा अँपिअर. सांगलीत २३० व्होल्टवर तेवढ्याच वॅटचे काम साडेसहा अँपिअरमध्ये भागते. आमच्या खोलीतले सगळे पॉइंट आणि दिवे १५ अँपिअरच्या एकाच ब्रेकरवर आहेत, त्यामुळे हीटर आणि कॉम्प्युटर एकत्र चालू केले की अंधार. तेव्हा बेसमेंटमधल्या पॅनेलपासून, म्हणजे ब्रेकरच्या पेटीपासून, २० अँपिअरची नवी लाइन, १२ गेजची पिवळी केबल, एक डबा आणि एक सॉकेट एवढेच काम ठरले. (ब्रेकरही साधा चालत नाही, झोपण्याच्या खोलीला ठिणगी ओळखणारा ब्रेकर लागतो आणि तो साध्याच्या कितीतरी पट महाग असतो, पण तो राग आज बाजूला ठेवते.)

इलेक्ट्रिशियनने भिंत पाहिली, ती बाहेरची असल्याचे ऐकले आणि असा आकडा सांगितला की तेवढ्यात भारतात जाऊन येता आले असते. शिवाय भिंत फोडावी लागली तर ती बुजवणे आणि रंगवणे आमच्याकडे नसते, हेही वर ऐकवले. इथे घरमालकाला परवाना काढून स्वतःच्या घरात वायरिंग करता येते, म्हणून मीच ड्रिल हातात घेतले.

आतली भिंत असती तर तासाभरात मोकळी झाले असते, कारण तिच्या पोटात नुसती हवा असते. बाहेरच्या भिंतीत मात्र दर १६ इंचांवर लाकडी खांब, दोन खांबांमध्ये साडेतीन इंच खोलीत ठासून भरलेला फायबरग्लासचा कापूस, त्यावर खोलीच्या बाजूने प्लॅस्टिकचा अखंड पडदा आणि त्यावर ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचा पातळ फळा. बेसमेंटमधून सरळ वर भोक पाडावे, तर भिंतीच्या तळची फळी पायाच्या अगदी कडेवर बसलेली असते. तिथे ड्रिल उभे मावत नाही आणि तिरके धरले तर टोक थेट खोलीच्या जमिनीतून वर येण्याची भीती. म्हणून वरून, सॉकेटसाठी कापलेल्या चौकोनी भोकातून, ड्रिलचा लांब लवचीक बिट खाली घातला. बिट फिरला आणि दोन सेकंदांत सूतकताईला बसल्यासारखा सगळा कापूस त्याच्याभोवती गुंडाळला गेला, इतका घट्ट की बिट पुढेही जाईना आणि मागेही येईना. तो कात्रीने कापून सोडवताना त्या काचेच्या धाग्यांची जी खाज सुटली ती बुधवारपर्यंत टिकली. दुसऱ्या वेळी भोक पडले, पण फळीखाली घराच्या कडेने बसवलेल्या लाकडी तुळईच्या पोटात पडले, म्हणजे कुठेच पोचले नाही.

सर्वांत संताप मला याच गोष्टीचा येतो की या भिंतीत नळी नाही. आमच्या सांगलीच्या विटांच्या घरात झिरी मारताना धूळ उडते, शेजारी ओरडतात, प्लास्टर पुन्हा करावे लागते, हे सगळे मान्य. पण एकदा पाइप पुरला की वीस वर्षांनीसुद्धा स्प्रिंग सरकवून नवी वायर ओढता येते. इथे उघड्या सांगाड्याला केबल खिळ्यांनी ठोकायची, कापूस कोंबायचा, वर पडदा ताणायचा आणि निघून जायचे. १९८४ साली हे घर बांधणाऱ्याने प्रत्येक बाहेरच्या भिंतीत बेसमेंटपासून एकेक रिकामी नळी सोडली असती तर त्याचे काय गेले असते? आईने फोनवर विचारले, “अगं, आपल्याकडे तो पोरगा अर्ध्या तासात पॉइंट काढून चहा पिऊन जातो, तुला तीन आठवडे कसे लागतात?” मी काय सांगणार होते.

आणि ते व्हिडिओ! त्यांतला हसतमुख गृहस्थ भोकातून सळई सोडतो, ती खाली अलगद निघते आणि तो कॅमेऱ्याकडे अंगठा दाखवतो. त्याची भिंत नेहमी रिकामीच असते. केबल कापसामागे चेपू नये, कापूस दोन थरांत विलग करून तिच्या दोन्ही बाजूंनी बसवावा, कारण दाबलेला कापूस थंडी तितकी अडवत नाही. फाटलेला पडदा डब्याभोवती नीट बंद करावा, नाहीतर घरातली दमट हवा हिवाळ्यात भिंतीत शिरून पाणी धरते आणि बुरशी येते, यातले एक अक्षरही तो बोलत नाही.

शेवटी काल ड्रायवॉलचा फूटभर रुंद तुकडा कापून काढला आणि केबल वर आणली. आता तपासनीस येऊन पाहिपर्यंत ती जागा झाकायची नाही, आणि त्याची तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली आहे. बाहेर उणे २२ आहे, त्या उघड्या भोकातून गार वारा थेट माझ्या घोट्यांवर येतो, आणि हीटर स्वयंपाकघरात, जिथे पॉइंट आहे तिथे, उभा आहे.