आत्याला का वगळलंत?

‘स्तनाचा कर्करोग आईकडून येतो, आजी-मावशीची चौकशी करा’ हे तुमच्या लेखातलं वाक्य अर्धवट आहे. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा, बीआरसीए १ किंवा २ या जनुकांमधला दोष वडिलांकडूनही येतो; पालकात तो असेल तर मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला शक्यता ५० टक्के. रत्नागिरीत जनुकीय समुपदेशन करताना मी वंशावळ काढते, तेव्हा नेमकी आत्याच गळते. लग्न होऊन ती मुंबईला गेलेली, माहेरी ठाऊक एवढंच की ‘पोटात गाठ होती’. (अंडाशयाचा कर्करोग असाच लपतो!) गणपतीला सगळे चाकरमानी घरी येतात, तेव्हा विचारून घ्या, असं मी सांगते.

आणि या जनुकांची तपासणी शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करा. तिच्यात दोष सापडला, तरच निरोगी मुलीच्या ‘निगेटिव्ह’ रिपोर्टवर विसंबता येतं. पण ज्यांच्याकडून हा दोष मुलीत येऊ शकतो, ते वडील तपासणीसाठी स्वतःचं रक्त द्यायलाच तयार नसतात, ‘मला काय झालंय?’ म्हणतात.