१६३५ची सरकारी शाळा आणि आपली बारावी

गेली दोन-तीन वर्षं महाराष्ट्रात शाळांवरून जे वाद चाललेत, म्हणजे वीसच्या आत पट असलेल्या झेडपीच्या शाळा बंद करून समूह शाळा काढायच्या का, अकरावी-बारावीचा नुसता इंटिग्रेटेडवाल्यांचा (म्हणजे नाव कॉलेजात, शिकणं क्लासमध्ये) धंदा झालाय का वगैरे, त्यात कोणीतरी हमखास म्हणतंच, "अमेरिकेत बघा सरकारी शाळा कशा असतात." मी बॉस्टनमध्ये राहतो, त्यामुळे म्हटलं चला, बघूच.

बघायचीच तर बॉस्टन लॅटिन स्कूल बघा. १६३५ सालची, अमेरिकेतली सगळ्यात जुनी पब्लिक स्कूल. शिवाजी महाराज तेव्हा पाच वर्षांचे होते यावरून काळाचा अंदाज येईल. हार्वर्ड १६३६चं, त्यामुळे इथे जोक आहे की लॅटिनमधून पास होणाऱ्या पोरांना पुढे जायला काहीतरी हवं म्हणून हार्वर्ड काढलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी पाच जण या शाळेत शिकलेले, त्यातले बेंजामिन फ्रँकलिन तर शाळा अर्धवट सोडून गेलेले. (मुलींना मात्र १९७२ साली प्रवेश मिळाला! आपल्याकडे भिडेवाड्यात १८४८ला मुलींची शाळा भरत होती, तेव्हा उगाच सगळ्याच बाबतीत मान खाली घालायचं कारण नाही.)

सातवी ते बारावी, फी शून्य, लॅटिन भाषा कंपल्सरी. पिवळी स्कूलबस वगैरे सिनेमात, इथली पोरं पास घेऊन साध्या सिटी बसने नाहीतर ट्रेनने येतात. ऑर्केस्ट्रा, नाटक, डिबेट, ट्रॅक, सगळं आहे. शहरातल्याच इंग्लिश हायस्कूलबरोबर थँक्सगिव्हिंगच्या सणाची अमेरिकन फुटबॉलची मॅच १८८७पासून चालू आहे आणि ते इंग्लिश हायस्कूलही ऐरंगैरं नाही, १८२१चं, देशातलं पहिलं पब्लिक हायस्कूल ते.

मला सगळ्यात भारी वाटतं ते डिक्लमेशन. म्हणजे एखादा उतारा, कविता किंवा भाषण पाठ करून वर्गासमोर उभं राहून म्हणायचं, हातात कागद नाही, आणि चांगलं म्हणणाऱ्यांनी पुढे सगळ्या शाळेसमोर. आपल्या वक्तृत्व स्पर्धेसारखंच, पण आपल्याकडे बाईंनी हेरलेली तीच दोन मुलं दरवर्षी ढाल आणतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात, इथे खालच्या वर्गांत लाजऱ्याबुजऱ्यांनाही सुटका नाही. ओळखीतल्या एका मुलीची तयारी मी पाहिलीय, किचनमध्ये फ्रिजला पाठ लावून तीच चार वाक्यं परत परत, तिसऱ्या वाक्यावर दरवेळी अडकायची आणि आई मधे बोलली की पहिल्यापासून सुरू.

आणि बारावीतलं पोरगं जूनपर्यंत शाळेत असतं हो! नाटकाच्या तालमीला, बँडला, टीमबरोबर. आपल्याकडे अकरावीला कॉलेजात नाव असतं, पोरगं क्लासमध्ये असतं आणि हजेरी कुठे असते ते देवाला ठाऊक. जेईई-नीटसाठी सोळा-सतरा वर्षांच्या पोराची दोन वर्षं शाळेतून वजा करायची आणि मग व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर लावायचं, हे मला खरंच कळत नाही.

पण "अमेरिकेत बघा"वाले इथेच थांबतात आणि माझा मुद्दा इथून पुढे आहे. ही शाळा सगळ्यांसाठी नाहीये, ही एक्झाम स्कूल आहे. फक्त बॉस्टन शहरात राहणाऱ्यांना आणि त्यातही निवडून प्रवेश, आणि त्या निवडीवरून इथे जी भांडणं झालीत ती ऐकून तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल. एकेकाळी ३५ टक्के जागा ब्लॅक आणि हिस्पॅनिक मुलांसाठी राखीव होत्या, त्यावर कोर्टकचेरी झाली. २०२१ला शहराने नियम बदलून आर्थिक-सामाजिक परिस्थितीप्रमाणे जागा वाटायला सुरुवात केली. कोविडमुळे त्या आधीच्या एका वर्षी परीक्षाच रद्द करून मार्क आणि पिनकोडवर प्रवेश दिले होते, त्यावर पालक कोर्टात गेले, डिसेंबर २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण ऐकायलाच नकार दिला. इथल्या आपल्या मंडळींच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, हा विषय निघाला की मेरिट, मेरिट असा गजर सुरू होतो, पुण्यात ऐकलेलाच, फक्त पुरणपोळी फ्रोजन.

गंमत म्हणजे गजर करणारे बहुतेक जण बॉस्टनमध्ये राहतच नाहीत, चांगल्या स्कूल डिस्ट्रिक्टसाठी (जिथे राहाल तिथलीच सरकारी शाळा मिळते) केव्हाच सबर्बात घर घेऊन बसलेत. तिथली शाळा सरकारी, फुकट, सगळं खरं, पण तिची फी घराच्या किमतीत आणि प्रॉपर्टी टॅक्समध्ये आधीच वसूल झालेली असते. शाळांचा बराचसा पैसा स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, त्यामुळे श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत.

शहराचं काय झालं तेही बघा. १९७४ला कोर्टाने काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून बसने दुसऱ्या भागातल्या शाळांत पाठवायचा आदेश दिला, दंगे झाले, आणि असंख्य गोरी कुटुंबं सबर्बात किंवा प्रायव्हेट शाळांत निघून गेली. तेव्हा शहराच्या शाळांत नव्वद हजारांच्या आसपास मुलं होती, आता पन्नास हजारांच्याही खाली आलीत आणि बॉस्टन पटसंख्या घटली म्हणून शाळा बंद करतंय. ओळखीचं वाटतंय ना? लॅटिन स्कूल ३९० वर्षं दिमाखात उभी आहे, पण तिच्यामुळे गल्लीतली साधी शाळा वाचली नाही.

म्हणून प्रत्येक तालुक्यात एक चकाचक मॉडेल स्कूल काढली की झालं, असं कोणी म्हणालं की मला धडकी भरते. तिथे आमदाराचं पोरगं जाणार नाही, मास्तरांचंही जाणार नाही, हुशार चार पोरं वेचून नेली जातील आणि वाडीवरच्या शाळेचा पट आणखी घटेल. घ्यायचंच असेल तर डिक्लमेशन घ्या, त्याला बजेट लागत नाही. आणि अकरावी-बारावी क्लासवाल्यांच्या हातून काढून परत शाळेत आणा, यात दुखावणारे लोक खूप आहेत म्हणून ते होत नाही, अवघड आहे म्हणून नाही.

आमच्या दहावीच्या बॅचने शाळेला डिजिटल बोर्ड द्यायचं ठरवलंय. मी ग्रुपवर लिहिलं की माझी वर्गणी घ्या, पण त्यातून संध्याकाळी सहापर्यंत शाळा उघडी ठेवायला एक शिपाई आणि खेळाच्या सरांचं मानधन बघा. दोघांनी अंगठा दाखवला, तिसऱ्याने विचारलं, बोर्डवर आपल्या बॅचचं नाव कुठे टाकायचं.