‘पेशंट कधी पाहिलाय का?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नडगी, डोळा आणि आतडं यांच्या नात्यावर डॉक्टरांच्या पीजी प्रवेशपरीक्षेसाठी लिहिलेल्या माझ्या लेखावर ‘एक रेसिडेंट’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात म्हणणं असं: वर्णनं गोऱ्या कातडीची आहेत, एरिथिमा नोडोसम (नडगीवर येणाऱ्या दुखऱ्या गाठी) म्हटलं की मुंबईत आधी टीबी आणि कुष्ठरोग आठवायला हवा, तुम्ही मुलांना थेट क्रोन्सकडे, म्हणजे आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाकडे, नेता, आणि तक्ते पाठ करून कुणी डॉक्टर होत नाही. शेवटचं वाक्य: ‘मॅडम, पेशंट कधी पाहिलाय का?’

तुमचं एक बरोबर आहे. मी ‘लालबुंद गाठी’ लिहिलं होतं. सावळ्या नडगीवर त्या जांभळट, काळपट दिसतात आणि पुष्कळदा डोळ्याआधी बोटाला कळतात, गरम आणि दुखऱ्या. शब्द बदलला आहे.

आता ते शेवटचं वाक्य. अहो, असं विचारतात का कुणाला? माझी इंटर्नशिप मुंबईतल्याच एका मोठ्या रुग्णालयात झाली. सर्जरीच्या वॉर्डात पन्नाशीच्या एक मावशी होत्या, पायावर हाताच्या पंजाएवढी जखम. रोज सकाळी ड्रेसिंग माझ्याकडे. कडा जांभळ्या, आतून पोखरलेल्या. दोनदा ती खरवडून साफ केली आणि दोन्ही वेळा वाढली. मावशी मला म्हणाल्या होत्या, ‘डॉक्टरीण बाई, परसाकडेला रक्त पडतंय गं.’ मी ते केसपेपरवर लिहिलंसुद्धा नाही. जखम पायाची, पोटाचं काय लिहायचं? पुढे त्वचा विभागाच्या एका रजिस्ट्रारने पहिलाच प्रश्न शौचाचा विचारला. पायोडर्मा गँग्रिनोसम निघालं, म्हणजे जंतूंमुळे नव्हे तर दाहामुळे होणारी त्वचेची जखम, आणि मागे अल्सरेटिव्ह कोलायटिस, मोठ्या आतड्याचा दाह. शस्त्र लागलं की ही जखम पसरते, तिला पॅथर्जी म्हणतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. समोर असताना ओळखता आलं नाही. स्टिरॉइड सुरू झाल्यावर जखम भरत गेली. त्या मावशींचा पाय मला आजही दिसतो. तेव्हा पेशंट पाहिलाय का, हे मला विचारू नका.

आणि तुम्ही ज्याला ‘क्लासच्या नोट्स’ म्हणून हिणवलंत, तो तक्ता त्या पायासाठीच आहे. त्यात काय आहे ते तुम्ही वाचलंत की नाही, शंका येते. एरिथिमा नोडोसम आणि एपिस्क्लेरायटिस (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ थराचा दाह) आतड्याबरोबर चढतात-उतरतात. कोलायटिस शांत झाला की तेही शांत होतात. पायोडर्मा आणि युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतला दाह) मात्र आतडं ठीक असतानाही डोकं वर काढू शकतात. हा फरक कळला तर ‘पोट बरं आहे ना, मग डोळ्याचं नंतर पाहू’ असं कुणी म्हणणार नाही. लाल डोळ्यात फेनिलएफ्रिन या रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या औषधाचा थेंब टाकल्यावर लाली फिकी पडली तर एपिस्क्लेरायटिस. पडली नाही आणि आतून ठणकणारं दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल तर स्क्लेरायटिस, म्हणजे पांढऱ्या भागाचाच खोल दाह. ही पाठांतराची घोकंपट्टी नाही. नीट-पीजी या प्रवेशपरीक्षेला २०० प्रश्न आणि २१० मिनिटं असतात. परळच्या हॉस्टेलमधल्या मुलीला एका फोटोसाठी मिनिटभर मिळतं. तिला ओळखीची खूण मी देणार नाही तर कोण देणार?

टीबी आणि कुष्ठरोगाचं म्हणाल, तर तो त्या लेखाचा विषय नव्हता. वडाळ्याचं कुष्ठरोग्यांसाठीचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० पासून उभं आहे. मुंबईत कुष्ठरोग असतो हे मला तुमच्याकडून कळायची गरज नाही. ईएनएलच्या (कुष्ठरोगातल्या एका प्रतिक्रियेच्या) गाठी चेहऱ्यावर, हातांवरही येतात आणि फुटू शकतात, नोडोसमच्या सहसा फुटत नाहीत, हे मी दरवर्षी शिकवते. इलिओसीकल, म्हणजे लहान-मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरचा, टीबी हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो, तेही. सगळं एकाच लेखात कोंबायचं का?

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी मुद्दा लिहा, माझी पात्रता नको. आणि नाव लिहा. मी माझ्या नावाने लिहिते. तक्ता आहे तसाच राहील, फक्त ‘लालबुंद’च्या जागी ‘जांभळट, दुखऱ्या’ असं वाचा.