‘गरीब देश आम्हाला काय शिकवणार?’ या मेसेजला उत्तर

गोव्यातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: आशिया-आफ्रिकेतल्या गरीब देशांशी शेती सहकार्य म्हणजे नुसत्या परिषदा, त्यांच्याकडे देण्यासारखं काही नाही, त्यांचं तंत्र आमच्या खाजनात (खाडीकाठी बांध घालून केलेल्या खारट शेतात) चालत नाही, आणि आमचं बी मात्र फुकट जातं.

देण्यासारखं काही नाही? आपल्याकडे वर्षानुवर्षं लावलं जाणारं जया भात 1968 मध्ये आलं. त्याचं एक मूळ म्हणजे तैवानचं ताइचुंग नेटिव्ह-1 हे भाताचं वाण. बुटकेपणा तिथला, म्हणून खत घातलं तरी पीक लोळत नाही.

खाजनात चालत नाही, हे मात्र निम्मं खरं आहे. मादागास्करमध्ये 1980च्या दशकात घडलेली भातलावणीची ‘श्री’ पद्धत घ्या. 8 ते 12 दिवसांचा तरवा (लावणीची रोपं), 25 सेंटिमीटरवर एकेकच रोप, पाणी आळीपाळीने भरायचं आणि उतरू द्यायचं. खाजनात नेमकं हेच अंगाशी येतं. कोवळ्या रोपाला खार सोसत नाही, आणि पाणी उतरलं की खालचा खार वर चढतो. मानशीचं, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारं दार गळकं असेल तर विचारायलाच नको. तिथे पावसाने खार धुऊन निघाल्यावर कोरगुट हे खार सोसणारं स्थानिक भात लावणंच शहाणपणाचं.

पण पाटाचं पाणी हाताशी असलेल्या वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या भातात) हीच पद्धत चालते. 1000 चौरस मीटरला 16 हजार रोपं लागतात. अर्ध्या किलो बियात साधारण 20 हजार दाणे, म्हणजे उगवण 80 टक्के धरली तर कसंबसं पुरतं; 700 ग्रॅम घ्या. नेहमीच्या लावणीला 4-5 किलो जातं. लावणीनंतर 10-12 दिवसांनी कोनो वीडर (ओळींमधून ढकलायचं तण काढायचं हातयंत्र) फिरवा, मग दर 10 दिवसांनी. तो फिरवताना पाणी दोन-तीन सेंटिमीटर ठेवा. चिखल सुकला की वीडर अडतो, आणि पहिली फेरी चुकली की तण हाताबाहेर जातं. पद्धत फसली म्हणणाऱ्यांनी आधी ही फेरी कधी मारली ते आठवावं.

राहिलं बी. केरळच्या पोक्काली भाताचा खार सोसायचा गुण फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने एफएल 478 या वाणात आणला. बांगलादेशाप्रमाणेच भारतातल्या संशोधकांनीही तो पुढे वापरला, म्हणजे गेलेलं परतही आलं. 2004 पासून लागू असलेल्या, पिकांच्या बियाण्यांच्या देवाणघेवाणीबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार असं बी प्रमाणित अटींवर दिलं जातं. शिवाय भारताच्या 2001च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्यांना आपलं पारंपरिक वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतं; ते आधी करावं. करारानुसार बियाच्या वापरातून मिळणारा फायद्याचा हिस्सा मात्र सामायिक निधीत जातो, गावाला थेट मिळत नाही. ओरड करायचीच तर याबद्दल करा.